लॉजचं बोलावणं आलंय, जाऊ का?

फोंडा तालुक्यातल्या एका स्थापत्य अभियंत्याचं पत्र आलं आहे. वय ४३, स्वतःचा छोटा बांधकाम व्यवसाय, भागीदार एक कॅथलिक मित्र. ओळखीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी त्यांना फ्रीमेसन या जुन्या, बंद दाराआड बैठका घेणाऱ्या पुरुषांच्या बंधुसंस्थेच्या लॉजचं, म्हणजे स्थानिक शाखेचं, सदस्य होण्याबद्दल विचारलं. 'चांगली माणसं भेटतील, ओळखी वाढतील,' असं ते म्हणाले. घरी विषय काढला तर आई घाबरली: 'ते लोक कवटी ठेवतात, धर्म बुडवतात.' पत्नीने एकच विचारलं, 'तिथे काय चालतं ते मला सांगणार का?' यांनी 'बहुतेक नाही' म्हटल्यावर ती गप्प झाली, ती अजून गप्पच आहे. भागीदार म्हणाला, 'आमकां तें चलना.' पत्रलेखक पुढे लिहितात: 'मी एका देवस्थानचा महाजन, म्हणजे कुळाच्या हक्काने कारभारात मत असलेला सदस्य आहे, पण जत्रेपलीकडे त्यात माझा वेळ जात नाही. असल्या गुप्त संस्थेत मला आजवर कधी रस नव्हता. पण धंद्यासाठी चार ओळखी लागतातच. जावं की न जावं?'

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॉजबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्ष गेलं ते पत्नीच्या गप्प बसण्याकडे. तिथे मी शेवटी येते. आधी आईंची भीती, कारण ती सोपी आहे.

आई म्हणतात ते सगळंच खोटं नाही. कवटी असते. सदस्यत्वाच्या तिसऱ्या पदवीच्या, म्हणजे टप्प्याच्या, विधीत मृत्यूची आठवण म्हणून ती येते. आपल्याकडे स्मशानात उभं राहून माणूस जे मनात आणतो, तेच हे लोक खोलीत बसून आणतात. धर्म बुडवण्याची गोष्ट मात्र उलटी आहे. ईश्वर मानत नाही असं सांगणाऱ्याला हे लोक दारातूनच परत पाठवतात. ईश्वर कोणता, ते विचारत नाहीत. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे ग्रंथ मांडलेले असतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची असते. बैठकीत धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायला बंदी. (हा एक नियम आपल्या गावच्या बैठकांना लावला तर निम्म्या बैठका दहा मिनिटांत संपतील.)

तरीही आईंना भीती वाटली, त्याला गोव्यात जुनं कारण आहे. पोप बाराव्या क्लेमेंटने १७३८ साली कॅथलिकांना लॉजमध्ये जायला मनाई केली. पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये तर १७४३ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काही फ्रीमेसनांना पकडून त्यांचे हाल केले. पुढे १९३५ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने कायदा करून गुप्त संस्थांवर बंदी घातली, आणि सरकारी नोकराला आपण असल्या संस्थेत नाही असं लिहून द्यावं लागू लागलं. गोवा तेव्हा त्याच राजवटीखाली होता. चर्च आणि सरकार दोघंही ज्याचं नाव हळू आवाजात घेत, ते हिंदू घरांतही हळू आवाजातच घेतलं गेलं. आईंची भीती खरी आहे, पण तिचं मूळ शोधलं तर ते आपल्या देवघरात सापडत नाही. त्यांना हे असंच सांगा. आणि सांगा की कलकत्त्याचा नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण १८८४ साली तिथल्या अँकर अँड होप लॉजमध्ये दाखल झाला होता. पुढे त्याला जग विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. आईंच्या खोलीत त्यांचा फोटो असेल तर बोलणं पुढे न्यायला तेवढं पुरे.

भागीदाराचं म्हणणं मात्र अक्षरशः खरं आहे. त्याच्यासाठी बंदी आजही आहे. व्हॅटिकनने १९८३ साली ती पुन्हा स्पष्ट केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये परत एकदा सांगितली. त्याला 'तू पण चल' असा आग्रह करू नका. तो फेस्ताला खांद्यावर ओपा-मुर्सा हा झगा चढवून कॉन्फ्रारीच्या, म्हणजे चर्चच्या बंधुसंघाच्या, मिरवणुकीत चालत असेल तर त्याची बिरादरी त्याच्याजवळ आहेच.

आता ही संस्था आहे तरी काय? हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण तुमचा जन्म साइटवर गेला आहे. फ्रीमेसन म्हणजे शब्दशः मोकळा गवंडी. युरोपात चर्चं आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटना होत्या. त्यांचे शब्द आणि हत्यारं पुढे अशा लोकांनी उचलली ज्यांनी आयुष्यात थापी हातात धरली नव्हती. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची वरची मध्यवर्ती संस्था, काढलं, तिथून आजचा प्रकार सुरू झाला. गुण्या, कंपास, ओळंबा, लेव्हल ही त्यांची चिन्हं. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात ठेवणं, लेव्हल म्हणजे बैठकीत सगळे एका पातळीवर. पांढरा कातडी एप्रन बांधतात, तो गवंड्याचाच. नव्या सदस्याला ते खाणीतून नुकत्याच काढलेल्या खडबडीत दगडाची उपमा देतात. तुमच्या साइटवर चिरा उतरतो तेव्हा त्याच्या कडा तासून घ्याव्या लागतात ना, तसं स्वतःला तासायचं. पदव्या तीन: शिकाऊ, कारागीर आणि मुख्य गवंडी. तिसरीत बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराच्या वास्तुकाराची कथा नाट्यरूपात येते. प्रत्येकाला ठरलेले संवाद पाठ करावे लागतात. गोव्यातल्या माणसाला याचं नवल वाटू नये, आपल्याकडे जत्रेतल्या नाटकासाठी सरपंचसुद्धा संवाद पाठ करतो.

गुप्ततेचं म्हणाल, तर १७३० साली लंडनमध्ये एका माणसाने सगळा विधी छापून विकला. तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षं हे 'रहस्य' पुस्तकांच्या दुकानात मिळतं आहे. खरं गुप्त काय ठेवतात? एकमेकांना ओळखण्याच्या खुणा, हस्तांदोलनाची पद्धत, काही शब्द. आपण सदस्य आहोत हे सांगायला हरकत नसते. बैठक कधी, कुठे, किती वाजेपर्यंत, जेवायला काय होतं, यंदा देणगी कुणाला दिली, हेही सांगता येतं. जुन्या शपथांमध्ये गळा चिरण्यासारख्या भयंकर शिक्षा होत्या आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंना त्या फार आवडतात. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्या शपथेतून १९८६ साली काढून टाकल्या.

म्हणजे सगळं निर्मळ आहे असंही नाही. इटलीत पी-टू नावाच्या लॉजचं प्रकरण १९८१ साली बाहेर आलं. मंत्री, सेनाधिकारी, बँकवाले एका छुप्या यादीत निघाले आणि सरकार पडलं. त्या लॉजला मूळ संस्थेने आधीच बाजूला काढलं होतं, हे खरं. पण बंद दाराआड सत्ता आणि पैसा एकत्र बसले की असं होऊ शकतं, हेही खरंच. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही सार्वजनिक बांधकाम खात्याची कामं घेता. उद्या लॉजमध्ये तुमच्या शेजारी बसणारा 'बंधू' तुमच्या निविदेवर सही करणारा निघाला तर काय कराल? हे आजच ठरवून ठेवा. माझं मत विचाराल तर अशा वेळी एक तर निविदा भरू नये, नाही तर लॉजमधली ओळख लेखी सांगून टाकावी.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडखळले त्याकडे येते. 'धंद्यासाठी चार ओळखी लागतातच.'

प्रवेशाची रीत अशी असते. तुमचं नाव सुचवणारा एक आणि अनुमोदन देणारा एक सदस्य लागतो. अर्ज भरायचा. मग काही जण तुम्हाला भेटतात, बहुधा घरी येतात. त्यानंतर लॉजमध्ये गुप्त मतदान होतं. जुन्या पद्धतीत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या टाकतात, आणि नकारासाठी फार गोट्या लागत नाहीत. हे सगळं पार पडलं तरी एक गोष्ट उरते. उमेदवाराकडून असं वदवून घेतात की मी पैशाच्या किंवा तसल्या कुठल्या लाभाच्या इच्छेने इथे आलेलो नाही. म्हणजे तुम्ही आज जे कारण मला लिहिलंत, तेच तिथे नाकारावं लागेल. सत्याच्या नावाने चालणाऱ्या घराच्या उंबरठ्यावरच खोटं बोलून आत जायचं? ज्यांनी तुम्हाला 'ओळखी वाढतील' असं सांगितलं, त्यांनी स्वतःच्याच संस्थेचा नियम नीट सांगितला नाही. चांगल्या मनाने सांगितलं असेल, पण चुकीचं सांगितलं.

ओळखीच हव्या असतील तर त्यासाठी उघड दारं आहेत. रोटरी १९०५ पासून आहे, लायन्स १९१७ पासून. दोन्ही गोव्यात गावोगाव पोचले आहेत, तिथे धंद्याचं नाव घ्यायला लाज नाही, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटापासून बायकांनाही सदस्य होता येतं. तुमच्या पत्नीला तुमच्याबरोबर जाता येईल, किंवा तुमच्याशिवायही.

पण समजा, ओळखींचा विषय बाजूला ठेवूनही तुम्हाला ओढ वाटते. महिन्यातली एक संध्याकाळ फोन बंद ठेवून, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या वडीलधाऱ्या माणसांबरोबर बसून ठरलेले शब्द म्हणावेत, असं वाटतं. ते कारण मला पटेल. त्रेचाळीस ते साठ या वयातल्या पुरुषांना मित्र उरत नाहीत हे मी या सदरात कितीतरी पत्रांतून पाहिलं आहे. क्लायंट असतात, नातेवाईक असतात, वॉट्सॲपचे गट असतात. ज्याच्यासमोर हरल्याचं कबूल करता येईल असा माणूस मात्र नसतो. त्यासाठी तुम्हाला लॉज हवं असेल तर जा.

जाताना संस्थेचा इतिहास डोळे उघडे ठेवून वाचा. विश्वबंधुत्वाची भाषा पहिल्या दिवसापासून होती, पण मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला गोऱ्यांच्या लॉजने घेतलं नाही. त्यांना पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. मग १८४३ साली जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने मुंबईत भारतीय लोकांसाठी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज काढलं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांची तर वर्षानुवर्षं अडवणूक झाली. हिंदू अनेक देव मानतो, मग त्याची शपथ धरायची कुठल्या ईश्वरावर, असा मोठा गहन प्रश्न साहेबांना पडला होता. १८७२ साली तो सुटला. आणि भारताची स्वतःची ग्रँड लॉज दिल्लीत स्थापन झाली २४ नोव्हेंबर १९६१ रोजी. पुढच्या पंचवीस दिवसांत गोवा मुक्त झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण सालाझारच्या बंदीत वाढलेल्या आईंना ही तारीख सांगायला मला आवडेल.

आता महाजनीबद्दल. 'असल्या गुप्त संस्थेत रस नव्हता' असं तुम्ही लिहिता आणि त्याआधीच्याच वाक्यात आपण महाजन असल्याचं सांगता. महाजनी म्हणजे तरी काय? काही कुळांचे पुरुष वारस, त्यांची यादी, त्या यादीत नाव चढण्याचे नियम, यादीत नसलेल्याला बैठकीत मत नाही. १९३३ ची पोर्तुगीज काळातली नियमावली, मामलेदार प्रशासक, दर तीन वर्षांनी समितीची निवडणूक. कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेतही, गावकऱ्याचा वाटा ठरतो तो कुळावरूनच. मी हे नावं ठेवायला सांगत नाही. या व्यवस्थांनी देवळं राखली, तळी राखली, शेतं राखली. एवढंच म्हणते की बंधुसमाज तुम्हाला नवा नाही. फरक असा की महाजनीत तुम्हाला कुणी निवडलं नाही आणि तुम्हीही तिला निवडलं नाही. लॉजमध्ये दोन्ही बाजूंनी निवड असते. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, तुमची पत्नी बाहेर असते.

म्हणून तिचं गप्प बसणं मला लॉजपुरतं वाटत नाही. लग्न होऊन ती ज्या घरात आली, त्या घरातला कर्ता पुरुष देवळाच्या बैठकीला जातो आणि ती ओटी घेऊन गर्दीत उभी राहते. आता आणखी एक दार, आणि त्यावर 'बहुतेक नाही' अशी पाटी. तुम्ही म्हणाल, मी काही लपवत नाही. पण तुम्ही तर अजून सदस्यही झालेला नाहीत, आणि जे सांगता येतं तेही न सांगण्याची तयारी आधीच करून बसलात.

मुंबईत नोकरीला होते तेव्हा आमच्या इमारतीत एक डॉक्टर होते. वारले. महिनाभराने त्यांच्या पत्नीने मला वर बोलावलं आणि कपाटातून कातडी पेटी काढून दाखवली. आत पांढरा, निळी किनार असलेला एप्रन, इस्त्री केलेला. 'हे काय आहे गं?' चाळीस वर्षं दर महिन्याला एका संध्याकाळी ते काळा सूट घालून जात आणि रात्री उशिरा खुशीत परत येत. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. दगड, गुण्या, अनाथ मुलांच्या फीसाठी गोळा केलेले पैसे. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, 'एवढंच होतं? मग मला सांगायला काय हरकत होती?' त्या माणसाने काहीही वाईट केलं नव्हतं. जे सांगता येत होतं तेही त्याने सवयीने गिळलं, एवढंच.

बायकांसाठी काहीच नाही, असं मात्र नाही. पॅरिसमध्ये १८९३ साली स्त्री-पुरुषांचं मिश्र लॉज निघालं. ॲनी बेझंट त्या परंपरेत १९०२ साली दाखल झाल्या आणि त्यांनी ती भारतात आणली. इंग्लंडमध्ये केवळ बायकांची लॉजेसही आहेत. पुरुषांच्या परंपरागत लॉजेस त्यांना आपल्यात धरत नाहीत, ही गोष्ट वेगळी. तुमच्या पत्नीला यात रस असेलच असं नाही. पण 'तुला यायला आवडलं असतं का?' असं आजवर कुणी तिला विचारलं आहे का?

तुम्ही असं करा. त्या निवृत्त अधिकाऱ्यांना घरी चहाला बोलवा. पत्नी आणि आई दोघी समोर असू देत. खरे फ्रीमेसन याला नाही म्हणत नाहीत, घरच्यांची संमती त्यांनाही हवी असते. त्यांना स्पष्ट विचारा: बैठका वर्षातून किती आणि रात्री किती वाजता सुटतात? प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, एप्रन-सूट, जेवणं आणि देणग्या मिळून पहिल्या वर्षी साधारण किती खर्च येईल? ही रक्कम कागदावर घ्या, कारण फीचा आकडा सांगतात आणि जेवणांचा विसरतात. घरच्यांना बोलावतात असे कार्यक्रम वर्षातून किती? नको वाटलं तर सोडता येतं का? (येतं. राजीनामा द्यायचा. खुणा न सांगण्याचं वचन तेवढं मागे राहतं.) आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुमचं लॉज कोणत्या ग्रँड लॉजच्या मान्यतेने चालतं? याचं उत्तर सरळ आलं नाही तर चहा संपवून विषयही संपवा.

ज्या वाचकांना फोनवर 'सदस्य व्हा, संपत्ती मिळवा' असे संदेश येतात आणि नोंदणीचे पैसे आधी भरायला सांगतात, त्यांच्यासाठी: ते लॉज नव्हे, ती लूट आहे. फ्रीमेसन अनोळखी माणसाला असं बोलावत नाहीत आणि श्रीमंतीचं वचन तर मुळीच देत नाहीत.

चहा झाला की महिनाभर थांबा. त्या महिन्यात देवस्थानच्या बैठकीला एकदा जाऊन बसा, जत्रा नसताना. हिशेबाच्या वह्या, गळकं छप्पर, दोन कुळांमधलं जुनं भांडण. अभियंता म्हणून तुमचा तिथे उपयोग आहे, कदाचित लॉजपेक्षा जास्त. तिथून परत आल्यावर बैठकीत काय झालं ते पत्नीला सांगा, तिने विचारायची वाट न पाहता. तेवढं जमलं तर लॉजमधून आल्यावरही जमेल. नाही जमलं तर अर्ज अजून भरू नका.

आणि 'लाभाच्या इच्छेने आलो नाही' हे म्हणायची वेळ येईल तेव्हा ते आधी घरी, स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहा. पत्नीला हसू आलं तर समजून घ्या.